सेरापियनची केस: देवाने माफ केलं असेल, पण सांगणार कोण?

पापक्षमेचा विषय निघाला की लोक लगेच उधळ्या पुत्राची गोष्ट काढतात नाहीतर वधस्तंभावरच्या चोराची, आणि दोन्ही गोष्टी आहेतच तशा, पण दोन्हीत एक सोय आहे जी पटकन लक्षात येत नाही. माफ करणारा तिथे समोर हजर आहे. बाप स्वतः धावत येऊन गळ्यात पडतो, येशू स्वतः शेजारच्या वधस्तंभावरून चोराला सांगतो की तू आजच माझ्याबरोबर असशील, विषय संपला. खरी पंचाईत त्याच्या पुढची आहे. येशू डोळ्यांना दिसत नाही, पाप मोठं आणि चारचौघांत केलेलं, मंडळीत (म्हणजे ख्रिस्ती समुदायात, चर्चमध्ये) सगळ्यांना ठाऊक, आणि माणूस दारात उभा राहून विचारतोय की बाबांनो मला माफी आहे की नाही ते एकदाचं सांगा. आता हे सांगायचं कोणी? आणि कोणाच्या अधिकाराने?

याच प्रश्नावरून इ.स. २५० नंतर रोम, कार्थेज, अलेक्झांड्रिया, अंत्युखिया अशा सगळ्या मोठ्या मंडळ्यांमध्ये जोरदार भांडण झालं, आणि त्या भांडणात एका म्हाताऱ्याची केस पुरावा म्हणून मांडली गेली. अलेक्झांड्रियाचा माणूस, नाव सेरापियन. तिथला बिशप दिओनिसियस याने अंत्युखियाचा बिशप फाबियस याला लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आहे आणि इतिहासकार युसेबियसने ती आपल्या मंडळीच्या इतिहासात (सहावं पुस्तक, ४४वा अध्याय) जशीच्या तशी उतरवून घेतली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळते. एक छोटासा उतारा आहे फक्त, पण पापक्षमेतले जवळजवळ सगळे अवघड मुद्दे त्यात येऊन बसलेत.

आधी बॅकग्राउंड

२४९ साली डेसियस रोमचा सम्राट झाला, आणि थोड्याच दिवसात त्याने हुकूम काढला की साम्राज्यातल्या लोकांनी देवांना बळी अर्पण करायचा. नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर जायचं, अर्पण करायचं, पेयार्पण ओतायचं, बळीचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तच्या कोरड्या हवेत पपायरसवर टिकून राहिले, चाळीसहून जास्त सापडलेत, आणि मजकूर अगदी सरकारी छापाचा: मी देवांना नेहमीच अर्पणं करत आलो आहे, आत्ताही तुमच्या देखत हुकमाप्रमाणे अर्पण केलं, ओतलं, चाखलं, तरी आपण खाली तसं प्रमाणित करावं ही विनंती. एका दाखल्यात अर्जदाराचं वय ७२ आणि ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण लिहिलाय. दाखला ख्रिस्ती असो नसो सगळ्यांनाच लागायचा, त्यामुळे बाकीच्यांसाठी ही अजून एक सरकारी कटकट, पण ख्रिस्ती माणसासाठी त्या कागदातलं पहिलंच वाक्य म्हणजे आख्ख्या आयुष्यावर पाणी. नेहमीच अर्पणं करत आलोय म्हणजे मी कधी ख्रिस्ती नव्हतोच.

दिओनिसियसने त्या दिवसांचं जे वर्णन केलंय ते वाचताना अंगावर येतं कारण त्यात कोणाला हिरो करायची घाई नाही. मोठी मोठी माणसं घाबरून आपणहून पुढे आली, सरकारी कामात असलेल्यांना त्यांच्या कामानेच ओढून नेलं, काहींना ओळखीपाळखीच्यांनी ढकललं. नाव पुकारलं की काही जण पांढरेफटक पडून थरथरत वेदीपाशी जायचे, जणू बळी द्यायला नाही तर स्वतःच बळी जायला आलेत, आणि बघे हसायचे की याला ना मरायची हिंमत ना अर्पण करायची. काही मात्र धावतच वेदीकडे गेले आणि छातीठोकपणे म्हणाले आम्ही कधी ख्रिस्ती नव्हतोच. काही जण तुरुंगात गेले, बेड्या घालून घेतल्या आणि कोर्टात उभं राहायच्या आधीच मोडले. काहींनी छळसुद्धा काही वेळ सोसला, मग पुढे नाही झालं.

सेरापियन यांतल्या कोणत्या प्रकारातला ते पत्रात सांगितलेलं नाही. एवढंच आहे की तो म्हातारा विश्वासणारा होता, लांबलचक आयुष्य निष्कलंक जगला, आणि परीक्षेच्या वेळी पडला, त्याने बळी अर्पण केला. (त्याच पत्रमालेत दुसरा एक सेरापियन आहे, ज्याला दंगलीत घरात घुसून हातपाय मोडून वरच्या मजल्यावरून खाली फेकलं, तो हुतात्मा, हा वेगळा. एकाच शहरात एकाच नावाचे दोघे, एक टिकला एक पडला, हे आपोआपच झालंय पण लक्षात राहतं.)

त्या रात्री काय झालं

पडल्यानंतर सेरापियन मंडळीकडे परत आला. पत्रात लिहिलंय की तो पुन्हा पुन्हा विनवण्या करत होता आणि कोणी लक्ष देत नव्हतं, कारण त्याने बळी अर्पण केला होता. बस्स, एवढंच कारण.

मग तो आजारी पडला. तीन दिवस ना वाचा ना शुद्ध. चौथ्या दिवशी जरा भानावर आला, मुलीच्या मुलाला जवळ बोलावलं आणि म्हणाला, अजून किती वेळ मला अडकवून ठेवणार, लवकर करा, सोडवा मला, कोणातरी धर्मगुरूला बोलावून आण. एवढं बोलला आणि पुन्हा वाचा गेली. पोरगा धावत गेला. रात्रीची वेळ आणि धर्मगुरू स्वतःच आजारी, येणं शक्य नव्हतं. पण दिओनिसियसने आधीच सांगून ठेवलं होतं की मरणाच्या दारात असलेल्यांनी मागितलं, त्यातही त्यांनी पूर्वीपासून विनवणी केली असेल, तर त्यांना मोकळं करायचं म्हणजे ते आशेने जातील. म्हणून धर्मगुरूने प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळी वाटून खाते त्या भाकरीचा लहानसा तुकडा त्या पोराच्या हातात दिला आणि सांगितलं की हा भिजव आणि आजोबांच्या तोंडात थेंब थेंब सोड.

पोरगा परत आला. तो घरात शिरायच्या आधीच सेरापियन पुन्हा जागा झाला आणि म्हणाला, बाळा आलास का, धर्मगुरूंना येता आलं नाही ना, पण त्यांनी सांगितलंय ते पटकन कर आणि मला जाऊ दे. पोराने तुकडा भिजवला, तोंडात सोडला, म्हाताऱ्याने जरासं गिळलं आणि लगेच प्राण सोडला.

दिओनिसियस पुढे फाबियसला विचारतो की हे उघड नाही का, सुटका होईपर्यंत, पाप पुसलं जाईपर्यंत आणि केलेल्या चांगल्या कामांसह तो स्वीकारला जाईपर्यंत त्याला जिवंत ठेवलं गेलं?

पापाचं वजन

आजच्या वाचकाला वाटेल की एवढं काय, जबरदस्ती होती, जीव वाचवायला चिमूटभर धूप टाकला नाहीतर मांसाचा घास खाल्ला, मनातून तर तो ख्रिस्ती होताच. असं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्या काळच्या मंडळीच्या नजरेतून बघा. येशूचं वाक्य स्वच्छ आहे, माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मी पित्यासमोर नाकारीन. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय अजून कडक, ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि जे मग पतन पावले त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य. बाप्तिस्म्यात मागची सगळी पापं धुतली जातात यावर सगळ्यांचं एकमत होतं, प्रश्न होता बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापांचा, म्हणजे विश्वास नाकारणं, खून, व्यभिचार. यांना माफी आहे का, असेल तर किती वेळा, यावर डेसियसच्या आधीपासूनच वाद चालू होते.

आणि शेजारी हुतात्मे होते ना. दंगलीत अपोलोनिया नावाच्या वृद्ध कुमारिकेचे दात पाडले, शहराबाहेर आग पेटवून धमकावलं, तर तिने स्वतःच आगीत उडी घेतली. ज्या मंडळीत अशी माणसं होऊन गेली तिथे बळी अर्पण करून घरी सुखरूप परतलेला माणूस दोन महिन्यांनी येऊन म्हणतो मला परत घ्या, तर बाकीच्यांच्या मनात काय येत असेल. मोठ्या भावाचा राग म्हणतात तो हाच, उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला, धाकटा परत आल्यावर बापाने त्याला जवळ घेतलं म्हणून घरी राबलेला मोठा चिडतो तो, आणि खरं सांगू का, तो राग काही अगदी फालतू नव्हता. माफी स्वस्त झाली की जे टिकले त्यांनी उगाच सोसलं असं होतं.

नोव्हेशियन काय म्हणत होता

इथे एक गैरसमज काढायलाच हवा कारण सगळी केस त्यावर उभी आहे. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू होता, हुशार माणूस, त्रैक्यावर त्याने ग्रंथ लिहिलाय. २५१ साली कॉर्नेलियस बिशप झाल्यावर हा विरोधात जाऊन दुसऱ्या गटाचा बिशप बनला, आणि त्याची भूमिका अशी की पडलेल्यांना मंडळीत परत घ्यायचं नाही. अंत्युखियाचा फाबियस त्याच्या बाजूला झुकत होता, म्हणून तर दिओनिसियसने हे पत्र लिहिलं.

आता सगळे समजतात की नोव्हेशियन म्हणत होता देव यांना माफ करणारच नाही. तसं नाही. त्याच्या गटाची भूमिका म्हणून जी जपली गेलीये ती अशी की पडलेल्यांना पश्चात्ताप करायला जरूर सांगा, पण माफी देवावर सोडा, सगळी पापं माफ करायचा अधिकार त्याचा आहे, आपण कोण जाहीर करणारे? ऐकायला किती नम्र वाटतं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शास्त्री लोक पण हेच म्हणतात, एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो. आणि तात्त्विकदृष्ट्या हे चूक म्हणून दाखवता येत नाही, पाप देवाविरुद्ध आहे तर माफी देवाचीच.

म्हणजे सेरापियनच्या केसमध्ये देव माफ करतो का यावर वाद नव्हताच! दोन्ही पार्ट्या म्हणतात करू शकतो. वाद यावर होता की मरायच्या आधी, या बाजूला, माणसाच्या कानावर ते पडू शकतं का. नोव्हेशियनच्या हिशोबाने सेरापियनने आयुष्यभर रडावं, विनवावं, आणि निकाल मेल्यावर कळेल. दिओनिसियसच्या हिशोबाने निकाल इथे कळवायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही मंडळीवर आहे.

मला दिओनिसियसचं पटतं आणि त्याचं कारण चमत्कार नाही. कारण येशूने केलेली कृती आहे. त्याच मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला येशू बरं करायच्या आधी काय करतो तर मोठ्याने सांगतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. मनातल्या मनात माफ करून नुसतं बरं करता आलं असतं की. पण तो बोलून दाखवतो, सगळ्यांसमोर. आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची ती झाली आहे. या वाक्याचा नेमका अधिकार कोणाला, प्रेषितांना, धर्मगुरूंना की सगळ्या मंडळीला, यावर कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट आजही वेगवेगळं बोलतात, पण एवढं तरी नक्की की माफीचा निरोप माणसाच्या तोंडून जावा असं त्याला हवं होतं. निरोप्याने निरोप दाबून ठेवला तर ती नम्रता कसली.

पेत्राचं, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्याचं, उदाहरण तर डोळ्यांसमोर होतं. येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला, तेही सम्राटाच्या अधिकाऱ्यासमोर नाही, अंगणातल्या दासीसमोर आणि तिथे उभ्या असलेल्यांसमोर. त्याला परत घेताना येशूने नुसतं मनात माफ करून सोडलं नाही, किनाऱ्यावर तीनदा विचारलं माझ्यावर प्रीती करतोस का आणि तीनदा काम सोपवलं. नाकारणाऱ्याला माफी नाही असं धरलं तर मंडळीचा पाया कोणावर घातला गेला हा प्रश्न येतो.

दिओनिसियसच्या बाजूचे मुद्दे, बरे आणि कच्चे

कच्चा मुद्दा आधी. तो म्हणतो म्हातारा वेळेपर्यंत जिवंत राहिला, पोरगा दारात यायच्या आधी त्याला कळलं होतं, म्हणजे देवाची खूण. आता भाविक मनाला हे भिडतं, मलाही भिडतं, पण यावर सिद्धांत नाही उभा करता येत. समजा पोरगा वाटेत अडखळला असता आणि म्हातारा पाच मिनिटं आधी गेला असता तर काय माफी रद्द? दिओनिसियस तसं म्हणत नाहीये, पण त्याच्या युक्तिवादाची उलटी बाजू तीच निघते, आणि अशा खुणांवर विसंबलं की ज्यांच्या घरी खूण झाली नाही त्या सगळ्यांची गोची होते. शिवाय हे पत्र एका बाजूच्या वकिलाचं आहे, समोरच्याला वळवायला लिहिलेलं, आणि खोलीत काय झालं ते सांगणारा म्हणून पत्रात दिसतो तो फक्त एक लहान पोरगा. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही, वजन कुठे टाकायचं ते बघायला हवं एवढंच.

पक्का मुद्दा त्याच मालेत थोडा आधी आहे, ४२व्या अध्यायात, आणि लोक तो सोडून देतात. तो सांगतो की जे हुतात्मे झाले, म्हणजे ज्यांनी खरोखर सोसलं, त्यांनी मरायच्या आधी पडलेल्यांपैकी काहींना स्वतः जवळ घेतलं होतं, त्यांचा पश्चात्ताप बघितला होता, त्यांच्याबरोबर प्रार्थना केली होती, जेवले होते. देवाला पाप्याचं मरण नको तर पश्चात्ताप हवा हे यहेज्केलचं वचन धरून. मग तो फाबियसला विचारतो, आता आपण काय करायचं, त्यांचा निर्णय चुकीचा ठरवायचा? त्यांच्या दयाळूपणावर पाणी ओतायचं?

हा मुद्दा त्या मोठ्या भावाच्या रागाला थेट जाऊन लागतो. न्यायाची तक्रार कोणी करावी? ज्याने सोसलं त्याने. आणि त्यानेच पडलेल्याला पंगतीला बसवलं असेल तर ज्यांचं काहीच गेलं नाही त्यांनी दार अडवून उभं राहण्यात काही अर्थ नाही. ख्रिस्ती विश्वासात माफीचं मूळ लॉजिक पण हेच आहे बघा, पापाची किंमत ज्याने वधस्तंभावर मोजली त्यालाच माफ करायचा हक्क आहे, आणि त्याने तो वापरला. माफी फुकट आहे ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. त्यामुळे माफी स्वस्त होते या भीतीला उत्तर अजून कडक नियमांनी मिळत नाही, किंमत कोणी मोजली ते लक्षात ठेवल्यानेच मिळतं.

अजून एक गोष्ट, ही पत्रात मुद्दा म्हणून आलेली नाही पण मला महत्त्वाची वाटते. दिओनिसियस स्वतः त्या छळातून कसा सुटला? त्याला पकडायला शिपाई निघाला, याने चार दिवस घरातच वाट बघितली आणि शिपाई रस्ते नद्या शेतं सगळं धुंडाळत राहिला पण घरात बघायचं त्याला सुचलं नाही. मग तो निघाला, पकडला गेला, आणि एका लग्नाच्या जेवणावळीतली गावकरी मंडळी अचानक आरडाओरडा करत येऊन पडली तेव्हा पहारेकरी पळाले आणि लोकांनी याला हातापायाला धरून उचललं, खोगीर नसलेल्या गाढवावर बसवून पसार केलं, हा नको नको म्हणत असताना. हे सगळं त्याने स्वतःच लिहिलंय कारण त्याच्यावर पळपुटेपणाचा आरोप होत होता. अशा माणसाला ठाऊक असतं की आपण टिकलो त्यात आपलं कर्तृत्व किती आणि योगायोग किती. सेरापियनला त्या दिवशी कोणी गाढवावर घातलं नाही एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या बाजूला नोव्हेशियनबद्दल कॉर्नेलियस लिहितो की तो आजारपणात मरणार असं वाटलं तेव्हा अंथरुणावरच त्याच्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला गेला होता, आणि छळाच्या काळात तो खोलीत कोंडून बसला होता. कॉर्नेलियस त्याचा कट्टर विरोधक, पत्रही विखारी, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवायचा. पण अंथरुणावरचं पाणी ही गोष्ट खरी असेल तर ज्याला स्वतःला कृपा मरणाच्या दारात, घाईघाईत, नियमांना वळसा घालून मिळाली त्यानेच सेरापियनसारख्यांना ती नाकारली असं होतं.

पश्चात्ताप कुठे दिसतो

या केसमध्ये आजच्या अर्थाने पापकबुली नाहीच. धर्मगुरूने काही ऐकून घेतलं नाही, क्षमेचे शब्द उच्चारले नाहीत, तो खोलीत पण नव्हता. एक लहान मुलगा, ज्याला कुठलाही अधिकार नाही, ओली भाकर तोंडात सोडतो. खाजगी पापनिवेदनाची पद्धत पुढे कितीतरी नंतर रुळली, वर्षातून एकदा पापनिवेदन करायलाच हवं हा नियम तर १२१५च्या लॅटरन परिषदेचा. तेव्हाची पद्धत सगळी उघड्यावर, मंडळीसमोर, आणि लांब.

कॅथोलिक वाचक म्हणेल बघा, संस्काराशिवाय त्याला चैन पडलं नाही, मंडळीच्या हातूनच सुटका. प्रोटेस्टंट म्हणेल बघा, धर्मगुरूविनाच झालं, त्याचा विश्वास आणि देवाची कृपा, भाकर ही खूण. दोघांना आपापल्या सोयीचं सापडतं यात. पण मला वाटतं दोघंही एका गोष्टीवरून घाईने पुढे जातात ती म्हणजे त्या आधीच्या विनवण्या. पुन्हा पुन्हा विनवत होता आणि कोणी लक्ष देत नव्हतं. पश्चात्ताप तिथे आहे. शेवटच्या रात्री काही बदललं नाही सेरापियनमध्ये, तो आधीपासून वळलेलाच होता, पाप पदरी घेऊन दारात बसलेला होता. योहानाच्या पहिल्या पत्राप्रमाणे बघितलं तर आपण पापं पदरी घेतली की तो विश्वासू आणि न्यायी असल्यामुळे माफ करतो, त्यात मरेपर्यंत थांबा अशी अट कुठे आहे?

म्हणून माझं मत असं की देवाकडून सेरापियनची माफी त्या रात्री झाली नाही, ती कधीच झाली होती, उशीर झाला तो पोचवणाऱ्यांकडून. आणि इथे मी दिओनिसियसवर पण खूश नाही. त्याचा नियम दयाळू होता पण होता मरणाऱ्यांसाठी. म्हणजे म्हाताऱ्याने धडधाकट असताना मागितलं तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं आणि तीन दिवस बेशुद्ध पडल्यावर तोच माणूस तेच मागतो तर भाकर मिळते. मला अडकवून ठेवलंय असं तो म्हणतो ना, ते शरीराबद्दल वाचलं जातं, आणि असेलही, पण अडकवणारी मंडळी पण होतीच.

यावर त्या लोकांची बाजू अशी की पश्चात्ताप खरा आहे का हे बघायला वेळ लागतो, नाहीतर आज वेदी उद्या प्रभुभोजन. ते मान्य. कार्थेजमध्ये याचा उलटा गोंधळ झालाच होता, तुरुंगातले कबुलीदार, म्हणजे छळातही विश्वास न सोडलेले, पडलेल्यांना शिफारसपत्रं वाटत सुटले आणि लोक ती पत्रं दाखवून हक्काने आत यायला लागले, बिशप सिप्रियनला ते आवरता आवरता नाकी नऊ आले. २५१च्या सभेत त्यांनी फरक केला, नुसता दाखला विकत घेणारे वेगळे आणि प्रत्यक्ष बळी अर्पण करणारे वेगळे, पहिल्यांना प्रत्येकाची केस बघून परत घ्यायचं, दुसऱ्यांना मरतेवेळी. आणि मग काय झालं, पुढच्या एक-दोन वर्षांत नवा छळ येणार अशी चिन्हं दिसली तसं जे पश्चात्तापात टिकून होते त्या सगळ्यांनाच परत घेतलं, कारण ज्याला प्रभूचा प्याला दिला नाही त्याला प्रभूसाठी रक्त सांडायला कुठल्या तोंडाने सांगणार. हे लॉजिक मला फार आवडतं. माफी ही टिकल्याबद्दलचं बक्षीस नसून टिकण्यासाठीची शिदोरी आहे हे त्यांना गरज पडल्यावर कळलं. सिप्रियन स्वतः २५८ साली हुतात्मा झाला.

तो बरा झाला असता तर?

हा प्रश्न या केसमध्ये उरतोच. भाकर गिळून म्हातारा सकाळी उठून बसला असता तर तो मंडळीत आहे की बाहेर? गंमत वाटेल पण हा प्रश्न खरंच यायचा, लोक मरता मरता वाचायचे, आणि ३२५च्या नायसिया परिषदेने त्याच्यावर १३वा नियम केला. मरणाऱ्या कोणालाही त्या शेवटच्या शिदोरीपासून, म्हणजे मरतेवेळीच्या प्रभुभोजनापासून, वंचित ठेवायचं नाही, हा जुनाच नियम आहे, पाळा. पण घेतल्यावर तो बरा झाला तर त्याने फक्त प्रार्थनेत सहभागी होणाऱ्यांमध्ये राहायचं.

त्याच परिषदेच्या वेळची एक गोष्ट सांगतात, नोव्हेशियनच्या गटाचा बिशप अ‍ॅसेसियस सम्राट कॉन्स्टंटाइनला समजावत होता की बाप्तिस्म्यानंतर आत्म्याला मरणाकडे नेणारं मोठं पाप केलेल्यांना आम्ही पश्चात्ताप करायला सांगतो पण क्षमेची आशा धर्मगुरूंकडून नाही तर देवाकडूनच धरायला सांगतो, तर सम्राट म्हणाला, अ‍ॅसेसियस, शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ. टोमणा भारी आहे, पण १३वा नियम वाचल्यावर मला वाटतं की शिडीची एक-दोन पावठणं या बाजूच्यांनीही धरून ठेवली होती. मरताना ज्याला पूर्ण मोकळं म्हणून भाकर दिली तोच जगला तर पुन्हा अर्धा बाहेर, याचा मेळ मला तरी लागत नाही. शिस्तीसाठी केलं असेल, ते समजतं, नुसतं मरायचं नाटक करून आत येणारेही असतील. पण त्या पोराने भिजवलेल्या भाकरीत जे होतं ते म्हातारा जगला असता म्हणून कमी झालं नसतं.